गावाचे मैदान आणि मैदानाचे गवत

(फुलसावंगी, ता. महागाव, जि. यवतमाळ येथे झालेल्या पालक व कार्यकर्ता मेळाव्यात एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी केलेले हे भाषण. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक)



मंचावरील मान्यवर, शाळेचे गुरुजन, बचत गटाच्या ताई, आजूबाजूच्या पोडांवरून आणि तांड्यांवरून आलेले मायबाप, आणि मागे झाडाखाली उभ्या असलेल्या, पुढे येऊन बसायला लाजणाऱ्या पोरापोरींनो,

मला सांगितले होते की खेळावर बोला. खेळाचे महत्त्व तुम्हाला सांगण्याची गरज नाही. कापूस वेचून आलेली मुलगी संध्याकाळी अर्धा तास कबड्डी खेळते तेव्हा ते महत्त्व तिला माझ्यापेक्षा जास्त कळलेले असते. म्हणून मी आज खेळाच्या जागेवर बोलणार आहे. ती जागा कुणाची, तिच्यासाठी शासनाचा पैसा कुठून येतो आणि तो आल्यावर तिथल्या गवताचे, झाडांचे, पाखरांचे काय होते, एवढाच माझा विषय आहे.

आधी आपली गरज पाहू. आपल्या भागातील आंध, गोंड, कोलाम, बंजारा घरांतल्या पोरांसाठी पोलीस भरती आणि वनरक्षक भरती हे नोकरीचे मोठे दरवाजे आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटरची धाव आणि गोळाफेक. वनरक्षकासाठी मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३ किलोमीटर. ही तयारी आपली पोरे कुठे करतात? पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली. डांबरावर रोज धावून गुडघे दुखतात ते वेगळे, आणि मुलीला एकटीला त्या वेळी रस्त्यावर कोण पाठवणार? मुलगी ८०० मीटरमध्ये मागे पडते तेव्हा लोक म्हणतात, दम कमी आहे. तिला धावायला जागाच मिळालेली नसते, हे कुणी बोलत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत आदिवासी पाड्यावर वाढली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. आपण तिचे कौतुक करतो ते योग्यच आहे. पण एक कविता डोंगरवाटेवरून वर आली म्हणून बाकीच्या शंभर पोरींना मैदान नको, असा त्याचा अर्थ होत नाही.

आता पैशाकडे येऊ. गावासाठी मैदान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, लोखंडी खुली व्यायामशाळा, एक हायमास्ट दिवा आणि भलामोठा फलक. काही गावांत मी हे पाहिले आहे. पहिल्या वर्षी रंग चकचकीत असतो. दुसऱ्या वर्षी बेअरिंग बसते, तिसऱ्या वर्षी त्या लोखंडावर कपडे वाळत घालतात. ज्या जागेवर हे उभे राहिले तिथे आधी गवत होते, दोन बोरी होत्या, कडेला पळस होता. काम सुरू करताना पहिल्या दिवशी जेसीबी येतो आणि जागा ‘साफ’ करून जातो. मोजमापाच्या वहीत ‘झाडेझुडपे काढणे’ अशी बाब असते, तिचे पैसे मिळतात. झाडेझुडपे ठेवण्याची बाब त्या वहीत नसते. म्हणून जे राखायचे ते गावाने आधीच कागदावर लिहून दिले पाहिजे. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे: मैदान आणि मैदानाचा काठ हे एकच काम म्हणून मागा, आणि त्याचा नकाशा गावाने काढा.

जागा किती लागते, याचा हिशेब करू. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ बाय १० मीटर, खो-खोचे २७ बाय १६, व्हॉलीबॉलचे १८ बाय ९. तिन्ही मिळून साडेसातशे चौरस मीटरसुद्धा होत नाहीत. २०० मीटरची चार पट्ट्यांची धावपट्टी आखली तर तिला सुमारे ९२ बाय ४२ मीटर जागा लागते आणि ही तिन्ही मैदाने तिच्या पोटात बसतात. एका बाजूची सरळ पट्टी थोडी पुढे वाढवली की १०० मीटरची धावही तिथेच होते. हे सगळे जवळजवळ एका एकरात, म्हणजे ४० गुंठ्यांत. पोलीस भरतीचे १६०० मीटर म्हणजे या पट्टीवर आठ फेऱ्या, ८०० म्हणजे चार. वनरक्षकाचे ३ किलोमीटर म्हणजे पंधरा फेऱ्या. भोवती पाच मीटरचा काठ ठेवला तर आणखी पंधरा गुंठे. म्हणजे ५५ गुंठ्यांत गावाची गरज भागते. गावाची ई-क्लास जमीन याहून मोठी असेल तर बाकी सगळी गुरांना आणि गवताला राहू द्या. सारे गायरान सपाट करून त्याला क्रीडांगण म्हणू नका. गुरे राखणाऱ्या माणसाच्या पोटावर पाय देऊन केलेले मैदान गावात टिकत नाही. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्यात गुरे शिरतात, आणि ती शिरणारच.

मैदानाला गवत कोणते? शहरात लाखो रुपये खर्चून हिरवळ लावतात. त्यातले खेळाच्या मैदानाला सर्वांत चिवट गवत कोणते, ठाऊक आहे? आपली हरळी! वावरात तिने छळले म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या तिला खणून काढत आलो. तीच हरळी जगभरच्या मैदानांवर वापरतात, कारण ती तुडवली तरी मरत नाही, पाण्याशिवाय वाळली तरी पहिल्या पावसात हिरवी होते. वावरातून काढलेली हरळी टोपलीभर आणून जूनमध्ये मैदानावर टोचली तर बियाण्याचा खर्च शून्य. निंदायला जाणाऱ्या ताईंना हे काम मी सांगायला नको.

आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात पायाला धरून ठेवते. म्हणून धावपट्टीवर मुरूम लागेल. पण फक्त धावपट्टीवर. मधल्या भागात हरळी, मैदानाला किंचित उतार, आणि उताराच्या टोकाला पाणी जिरवणारा खड्डा किंवा लहान तळे. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे संध्याकाळचा सूर्य खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. पश्चिमेच्या काठाला झाडे लावा, म्हणजे चार वाजल्यापासून सावली मिळते. कोणती झाडे? कडुनिंब, करंज, मोह, बेहडा, बोर, पळस. जी इथलीच आहेत, ज्यांना दोन उन्हाळे पाणी घातले की पुढे कुणाकडे मागणे नसते. गुलमोहर, सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया रोपवाटिकेत सहज मिळतात म्हणून आणू नका.

आणि काठावर पाच मीटरची जी पट्टी आहे तिला हात लावू नका. तिथे पवन्या, मारवेल, कुसळी वाढू द्या. पावसाळ्यात तिथे तरोटा येईल, कुंपणावर काटवलाचा वेल चढेल. आयाबाया भाजी खुडतील. तित्तिर, लावा, चंडोल यांना दडायला एवढी पट्टीसुद्धा उपयोगी पडते. टिटवी तर उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिने अंडी कुठे घातली यावरून आपली म्हातारी माणसे पावसाचा अंदाज बांधत आली. मैदानाच्या कोपऱ्यात टिटवी बसली, तर तेवढा कोपरा महिनाभर चार दगड ठेवून सोडायचा. पोरे हा नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात, हा माझा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. मैदानावरचे गवत मारायला तणनाशक मारू नका. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते आपण विसरलेलो नाही. जिथे लेकरे अनवाणी लोळतात तिथे फवारणीचा पंप नेऊ नये. गाजरगवत वाढले तर फुलोऱ्यापूर्वी उपटा. शंभर पोरे आणि एक शनिवार पुरतो. हातमोजे मात्र घालायचे, कारण त्याने अंगाला खाज सुटते.

आता आयांचा प्रश्न: गवत ठेवले तर साप येणार. प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर असे की खेळण्याचा भाग आणि काठ यांच्या मध्ये दोन मीटरचे गवत नेहमी कापलेले ठेवायचे, दगडविटांचे ढीग आणि कचरा मैदानाजवळ टाकायचा नाही, अंधार पडल्यावर काठात शिरायचे नाही. सापाला उंदीर बोलावतो आणि उंदराला कचरा. दिवा लागेल, पण त्याचा उजेड खाली मैदानावर पडेल असा झाकणीचा आणि आठ-नऊला बंद होणारा. रात्रभर जळणाऱ्या हायमास्टने किड्यांचे आणि वीजबिलाचे दोन्हीचे नुकसान होते.

पैसा कुठून? मी चार दरवाजे सांगतो.

पहिला दरवाजा रोजगार हमीचा. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, केंद्राचा कायदा २००५ चा. त्या २००५ च्या कायद्याच्या कामांच्या यादीत क्रीडांगण होते, वृक्षलागवड होती, पाणी जिरवण्याची कामे होती. सपाटीकरण, बांध, खड्डा, झाडे हे सगळे मजुरीचे काम आहे. ते मजुरांकडून करून घेतले तर पैसा गावातच राहतो आणि जेसीबीने बोरी उपटल्या जात नाहीत.

दुसरा दरवाजा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा. तिथे क्रीडांगण विकासासाठी अनुदान योजना आहे. जागा कुणाच्या नावावर आहे, हा तिथला पहिला प्रश्न असतो. तालुक्याच्या ठिकाणी संकुल उभारण्याचे शासनाचे धोरण २००३ पासून आहे आणि त्यावर मोठा खर्च होतो. पण फुलसावंगीच्या पोरीला रोज संध्याकाळी तालुक्याला कोण नेणार? म्हणून संकुल असले तरी गावाचे मैदान मागायचेच.

तिसरा दरवाजा पुसदच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचा. ठक्कर बाप्पा योजना आदिवासी वस्तीच्या मूलभूत सोयींसाठी आहे. शिवाय न्यूक्लिअस बजेट आहे. मैदानाकडे जाणारा रस्ता, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह अशी कामे तिथे मांडून पाहा. मुलींना कपडे बदलायला आडोसा नसला तर त्या मैदानावर येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

चौथा दरवाजा खासदार निधीचा. वर्षाच्या पाच कोटींपैकी साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्तीसाठी खर्च करण्याची तरतूद त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. खासदारांकडे गेलात तर नुसता हार घालून येऊ नका, नकाशा देऊन या.

इथे एक खुलासा करतो. पेसा गावांना आदिवासी उपयोजनेच्या पाच टक्के निधी थेट मिळतो आणि २०१५ च्या शासन निर्णयानुसार तो पायाभूत सुविधांवरही आणि वन्यजीव व वनसंवर्धनावरही खर्च करता येतो. म्हणजे मैदान आणि काठ दोन्ही त्यात बसू शकतात. पण आपला महागाव तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. हा मार्ग केळापूर, घाटंजी, मारेगाव, राळेगाव, झरी जामणीकडच्या अनुसूचित गावांचा. तिथले कार्यकर्ते हे वाचत असतील तर त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्यावा.

जागेबद्दलही सावध राहा. अर्ज करण्यापूर्वी सातबारा काढा. जमीन ई-क्लास असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी गावासाठीच राखा असे बजावले आहे. तो निकाल आपल्या बाजूचा आहे. जमीन वनखात्याची असेल तर गोष्ट वेगळी. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, तलाव, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते, आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडता येत नाहीत. त्या १३ सोयींत क्रीडांगणाचे नाव नाही. म्हणून कुणी सांगितले की जंगलात साफसफाई करून टाका, कागद मागून होतील, तर ऐकू नका. गुन्हा पोरांच्या नावावर नोंदला जातो, आणि भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत तोच आडवा येतो.

आता काठाचा, म्हणजे जैवविविधतेचा कायदा. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. राज्याचे मंडळ आपल्या जवळच, नागपूरला आहे. पुष्कळ गावांत ही समिती कागदावर आहे आणि नोंदवही कपाटात. तुम्ही ती वही मैदानावर आणा. शाळेच्या पोरांनी दर महिन्याला काठावरचे गवत, फूल, पाखरू, किडा लिहावा. आजीला विचारून त्याचे नाव लिहावे. मराठीत, गोंडीत, कोलामीत, गोरबोलीत, जी घरात बोलतात त्या भाषेत. वर्षभराने ती वही ग्रामसभेत ठेवा. मग कुणी म्हणाले की ही पडीक जागा आहे, इथे दुकानगाळे बांधू, तर त्याच्यापुढे वही उघडायची. ज्या जागेत काय आहे ते लिहिलेले असते ती जागा पडीक ठरवणे अवघड जाते.

कुणाला वाटेल, हे सारे आपल्यासारख्या गावाला जमेल का? शेजारच्या वाशीम-अकोला भागात ‘संवेदना’ संस्थेच्या साथीने फासेपारधी बांधवांनी तणमोराची माळराने राखली आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नुसते शिकारी म्हणून हिणवले, त्यांनीच गवत राखले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीरने २०१२ साली १९२ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला, उजाड टेकडीवर रोजगार हमीतून कामे केली, सीताफळ विकले आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळवला. आणि खेळाचे म्हणाल, तर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, जे १९१४ साली सुरू झाले, आपले देशी खेळ १९३६ साली थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला दाखवले. ते खेळ मातीतले होते. त्यांना पेव्हर ब्लॉक लागले नव्हते.

संस्थेच्या कार्यकर्त्यांना आणि देणगीदारांना एक विनंती. देणगीचा पैसा शासनाच्या पैशाच्या जागी लावू नका. जे काम शासनाचे आहे ते शासनाकडून करून घ्या. देणगी लागेल ती जागेची मोजणी करायला, अर्जासाठी पुसद-यवतमाळच्या फेऱ्या मारायला, मुलींना बूट घ्यायला, रोपांना दोन उन्हाळे टँकरचे पाणी द्यायला. ही छोटी कामे कुठल्याच योजनेत बसत नाहीत आणि मोठी कामे याच छोट्या कामांपाशी अडतात.

मग उद्यापासून करायचे काय? तीन ठराव करा. महिला ग्रामसभेत आधी मांडा, म्हणजे जागा कुठे हवी हे मुली आणि आया ठरवतील. मग ग्रामसभेत घ्या. २ ऑक्टोबरला पुढच्या वर्षाचा आराखडा चर्चेला येतो, तोपर्यंत कागद तयार हवेत.

पहिला ठराव: अमुक गट नंबरातील ५५ गुंठे गावाच्या मैदानासाठी व त्याच्या काठासाठी राखीव, उरलेले गायरान चराईलाच राहील.

दुसरा ठराव: कामाच्या अंदाजपत्रकाला गावाने काढलेला नकाशा जोडला जाईल. त्यात ठेवायच्या प्रत्येक झाडाला नंबर असेल, आणि जागेवर काम शक्यतो मजुरांकडूनच होईल.

तिसरा ठराव: मैदानाची देखरेख पाच जणांची समिती करील; त्यात दोन मुली, एक गुराखी, एक शिक्षक आणि जैवविविधता समितीचा एक सदस्य असेल.

गुराख्याचे नाव गाळू नका. मैदानावर सकाळ-संध्याकाळ पोरे असतात, पण दिवसभर नजर त्याचीच असते.

मागे उभ्या असलेल्या पोरींना शेवटचे सांगतो. ग्रामसभेत हा विषय येईल तेव्हा तुम्ही घरी थांबू नका. अठरा वर्षे पूर्ण झालेली आणि गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक मुलगी ग्रामसभेची सदस्य आहे आणि तिला बोलायचा हक्क आहे. अठरा झाली नसतील त्यांनी आईला पाठवा, आणि तिच्या हातात नकाशा द्या.